अनोळखी इसमाची रात्र

'अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला' अशी तीन-चार ओळींची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून येते. वय अंदाजे ५० ते ५५, बांधा सडपातळ, अंगात मळकट शर्ट, ओळख पटल्यास पोलिस ठाण्याशी संपर्क साधावा. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. मृत्यूचे कारण बातमीत बहुधा नसतेच. ऊन, थंडी, उपास, दारू यांपैकी काहीतरी असेल असे आपण मनाशी धरून चालतो. उघड्यावर राहणाऱ्या माणसाच्या पाठीशी या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक कारण लागलेले असते. ते म्हणजे मार.

आरोग्याच्या सदरात माराचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पोलिसांचे काम पोलिसांनी करावे. पण डॉक्टरच्या दृष्टीने मार हेही आजाराचे एक कारण आहे, जसा डास हिवतापाचे कारण आहे. तो कुणाला लागतो, केव्हा लागतो, कशाने वाढतो आणि कशाने टळतो हे सांगता येते. आणि जे सांगता येते ते टाळताही येते. म्हणून या आठवड्यात फुटपाथ, स्टेशन, बसस्थानक, देवळाची ओसरी आणि पाल यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसांविषयी.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर मोजले. रात्री जागा बदलणारा माणूस मोजणे फार कठीण, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजावा. मोठ्या शहरातच बेघर असतात ही समजूतही खरी नाही. मूर्तिजापूर हे ४० हजारांच्या घरातले गाव, पण रेल्वेचे जंक्शन. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग येथून जातो आणि यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी नॅरोगेज शकुंतला येथूनच सुटत असे. ती गाडी आता बंद आहे, पण मुख्य मार्ग रात्रंदिवस वाहतो. जिथे गाड्या थांबतात तिथे माणसेही उतरतात. घर सुटलेला म्हातारा, भरकटलेला मनोरुग्ण, कामाच्या शोधात मेळघाटातून खाली उतरलेले कोरकू कुटुंब, पाल घेऊन फिरणारे भटके. या सगळ्यांना आपण एकाच नजरेने पाहतो, आणि ती नजर बहुतेक वेळा संशयाची असते.

झोप का लागत नाही

घर असलेल्या माणसाला रात्र म्हणजे विश्रांती. बेघराला रात्र म्हणजे पहारा. पिशवी कुणी ओढेल, कुणी लाथ घालून उठवेल, दारू पिऊन आलेली पोरे गंमत म्हणून अंगावर पाणी ओततील, बाईमाणूस असेल तर त्याहून वाईट काही होईल. या धास्तीने तो रात्री जागा राहतो आणि दिवस उजाडून वर्दळ सुरू झाली की झोपतो. मग आपण म्हणतो, बघा, धडधाकट आहे आणि भर दुपारी लोळत पडला आहे. त्याच्या दृष्टीने दिवसा, माणसांच्या देखत झोपणे हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग असतो.

महिनोन्महिने झोप मोडत राहिली की शरीर आणि मन दोन्ही खचतात. रक्तदाब वाढतो, मधुमेह आवरत नाही, जखम लवकर भरत नाही, फिट येण्याचा विकार असेल तर फिट्स वाढतात. मनाचा आजार असेल तर भास आणि संशय बळावतात. झोप यावी म्हणून दारूची सवय लागते, आणि दारूच्या नशेत असलेला माणूस माराला आणखी सोपे सावज होतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी उघड्यावर झोपणे जिवावर बेतते. म्हणजे रात्रीची भीती त्याला दिवसाच्या उन्हात ढकलते. उष्माघाताच्या नोंदीत मात्र भीतीचा रकाना नसतो.

ही भीती काल्पनिक म्हणावी तर इतिहास तसे म्हणू देत नाही. मुंबईच्या उपनगरांत १९६५ ते १९६८ या काळात फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे डोक्यात प्रहार करून खून झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये रामन राघव पकडला गेला. १९८५ नंतर सायन-किंग्ज सर्कल भागात उघड्यावर झोपलेल्या सुमारे डझनभर लोकांना डोक्यात दगड घालून मारण्यात आले. तो मारेकरी कधीच सापडला नाही. १९८९ मध्ये कलकत्त्यातही तसेच सत्र घडले. या प्रकरणांत मेलेल्यांपैकी अनेकांची नावेसुद्धा कळली नाहीत. मारेकऱ्याचे टोपणनाव घरोघरी पोचले आणि मेलेला 'अनोळखी इसम' राहिला. एकटा झोपणारा, अंधारात झोपणारा आणि ज्याला शोधायला कुणी येणार नाही असा माणूस हेरला गेला, एवढे मात्र या सगळ्यांतून स्पष्ट दिसते.

दापुऱ्याचा माणूस

हा विषय मूर्तिजापूरकरांना परका वाटू नये. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा, पण वडील गेल्यावर ते वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे येथे, मामाच्या घरी. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढे त्यांना सारा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला, पण ती ओळख होईपर्यंतची वर्षे आपण विसरतो. त्या वर्षांत ते कुणाच्याही लेखी संत नव्हते. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हातात काठी, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, असा एक अनोळखी इसम गावोगाव हिंडत होता. कुणी वेडा म्हणून हसले, कुणी भिकारी म्हणून हाकलले, कुणी चोर समजून दरडावले. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेल्या चरित्रात ही वणवण वाचायला मिळते.

आता वाचकांनी एक कल्पना करून पाहावी. तसाच वेष, तसाच अबोल स्वभाव, गावात शिरताच कुणाला न विचारता रस्ता झाडायला लागणारा माणूस आज एखाद्या गावच्या शाळेसमोर येऊन बसला आणि त्याने पोरांना जवळ बोलावले. पंधरा मिनिटांत काय होईल? कुणीतरी मोबाइलवर फोटो काढील. तो गटावर जाईल. खाली कुणीतरी लिहील की असाच एकजण परवा शेजारच्या तालुक्यात दिसला होता.

हे नुसते भय घालण्यासाठी लिहिलेले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नेमके हेच घडले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही कुटुंबे मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आली होती आणि पिंपळनेरजवळ पाल ठोकून राहत होती. त्यांच्यातले पाचजण बाजाराच्या दिवशी राईनपाड्याला गेले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होती. एका लहान मुलीशी बोलताना ते दिसले आणि जमावाला तेवढे पुरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले. पाचही जण मेले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

भटक्यांवरचा हा संशय आजकालचा नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मावरूनच माणसांना चोर ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. डोक्यातून तो पुरता गेलेला दिसत नाही. अंगावरचा फाटका कपडा, वेगळी बोली, ओळखपत्र नसणे, एवढ्या भांडवलावर आपण अजूनही निकाल देतो.

अफवा ही साथीसारखी पसरते, हे डॉक्टरला सहज दिसते. तिला एक उगम लागतो, वाहक लागतात आणि भीतीने आधीच नाजूक झालेली माणसे लागतात. हिवतापात डबके बुजवतात, तसे येथेही पहिल्या काही तासांत करावे लागते. गावात असा संदेश आला तर तो पुढे ढकलू नये, पोलिस ठाण्यात फोन करून खरे-खोटे विचारावे आणि ज्या गटावर तो आला तेथेच 'चौकशी केली, असे काही नाही' असे लिहावे. मूल हरवल्याची तक्रार नसेल तर मूल पळवणारा कुठून आला, एवढा साधा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा. गावात शिक्षक, पोलिस पाटील, आशाताई, कीर्तनकार यांचा शब्द ऐकला जातो. त्यांनी तो वेळेवर वापरावा. पोरांना अनोळखी माणसापासून जपायला जरूर शिकवावे, पण अनोळखी माणसाला मारायला त्यांच्या देखत शिकवू नये.

आणि पाहुण्याची चौकशी करायचीच असेल तर ती करण्याचीही एक रीत आहे. 'काऊन बे, कुठला हायेस तू?' असे चारजणांनी घेरून विचारले तर भेदरलेला माणूस पळेल. मनोरुग्ण असेल तर भलतेच उत्तर देईल. परभाषी असेल तर गप्प बसेल. तिन्ही गोष्टी जमावाला गुन्ह्याची कबुली वाटतात. एका वयस्क माणसाने जवळ बसून, पाण्याचा तांब्या पुढे करून, 'कोन्या गावचे व्हय जी बाबा तुमी?' असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा मिळते.

डोक्याचा मार

समजा, मार बसलाच. रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत दोन घातक गैरसमज होतात. एक म्हणजे 'पिऊन पडला आहे', आणि दुसरा म्हणजे 'उठून बसला, आता बरा आहे'.

डोक्यावर काठी, दगड किंवा लाथ बसली की कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटू शकते. बाहेर जखम अगदी लहान असते, कधी नसतेही. माणूस काही क्षण बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, चहासुद्धा पितो. आत मात्र रक्त साचत असते आणि काही तासांनी मेंदूवर दाब पडून तो पुन्हा बेशुद्ध होतो. घरच्या माणसाच्या बाबतीत ही दुसरी बेशुद्धी बायको-मुलांच्या लक्षात येते. फुटपाथवरचा माणूस झोपला असे समजून लोक त्याच्या बाजूने जातात आणि सकाळी तो उठत नाही. ही अवस्था वेळेत ओळखली तर शस्त्रक्रियेने जीव वाचतो, म्हणून तिच्यावर एवढा भर देत आहे.

तेव्हा डोक्याला मार बसल्यावर पुढच्या २४ तासांत पुढीलपैकी काहीही दिसले तर रुग्णालयात न्यायलाच हवे: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा हाक मारूनही नीट जागे न होणे, बरळणे, फिट येणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून ही लक्षणे दारूची ठरवू नयेत. दारू प्यालेल्या माणसाच्या डोक्यालाही मार लागतो, किंबहुना त्यालाच जास्त लागतो. म्हातारे आणि नेहमी दारू पिणारे यांच्यात तर रक्त हळूहळू साचून दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा बोलण्या-चालण्यात फरक पडू शकतो. 'परवापर्यंत नीट होता, आता झोकांड्या खातो' असे चहाच्या टपरीवाल्याने सांगितले तर त्याचे म्हणणे डॉक्टरने मनावर घ्यावे. त्या माणसाला रोज पाहणारा तो एकटाच असतो.

पोटात लाथ बसली असेल तर वरून काही न दिसता प्लीहा फाटून आत रक्तस्राव होऊ शकतो. अंग थंडगार, घाम, नाडी जलद आणि पोट ताठर ही त्याची चिन्हे. बरगडी मोडली की श्वास घेताना कळ येते, माणूस खोकायचे टाळतो आणि मग छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो.

जागेवर काय करावे? आधी मारणाऱ्यांपासून त्याला वेगळे करावे आणि हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये. ११२ क्रमांकावर पोलिस आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मान दुखत असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल तर मान वळवू नये, हाताला धरून उठवून बसवू नये. श्वास चालू आहे का ते पाहावे. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर करावे. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा हुंगवणे, जखमेत हळद किंवा चुना भरणे यात वेळ जातो, बाकी काही होत नाही. अंगावर ॲसिड किंवा उकळते पाणी टाकले असेल तर निदान वीस मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी. जुनी जखम असेल, अळ्या पडल्या असतील, तर किळस बाजूला ठेवून रुग्णालयात न्यावे. अशी जखम साफ करता येते, आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते.

मग येतो नेहमीचा प्रश्न, 'दवाखान्यात नेले तर आपणच अडकू.' सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर. हे सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. तातडीच्या उपचारासाठी आधार कार्ड किंवा नातेवाईक लागत नाही. मूर्तिजापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि पुढे अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय हा आपला मार्ग आहे. डॉक्टरला मात्र आवर्जून सांगावे की हा पडलेला नसून याला मारलेले आहे. कागदावर 'पडून जखम' असे लिहिले गेले की मारणारा सुटतो आणि पुढच्या रात्री तो दुसऱ्या कुणाला गाठतो.

ज्याला आपण वेडा म्हणतो

माराच्या बाबतीत सर्वात असहाय असतो तो रस्त्यावरचा मनोरुग्ण. रामन राघवसारख्या नावांनी लोकांच्या मनात उलटे चित्र बसवले आहे. तो स्वतः बेघर होता, त्याला स्किझोफ्रेनिया होता, आणि उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. अशी उदाहरणे विरळा, म्हणूनच ती लक्षात राहतात. तीव्र मनोविकाराचे रुग्ण दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतः मार खाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. रस्त्याने स्वतःशी पुटपुटणारा माणूस ज्या आवाजांना उत्तर देत असतो ते त्याला खरेच ऐकू येतात. आपण दगड मारला की त्या आवाजांनी आधीच सांगितलेले खरे ठरते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ याबाबत नि:संदिग्ध आहे. भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचे असते. कोठडीत डांबता येत नाही. घरचा पत्ता नसेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. म्हणजे पोलिसांना फोन करताना 'एक वेडा त्रास देतो, उचलून न्या' असे म्हणण्याऐवजी 'एक आजारी माणूस धोक्यात आहे, कलम १०० प्रमाणे मदत हवी' असे म्हणावे. त्याच एका फोनचा अर्थ बदलतो. आपल्या भागाला नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनाच्या आजाराविषयी सल्ला हवा असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस' क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

असे रुग्ण बरे होऊन घरी जातात का? जातात. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था १९८८ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, औषधोपचार करून देशाच्या कानाकोपऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचवत आली आहे. कर्जतला त्यांचे केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अशा रुग्णाला गावाचे नाव आठवते, हा त्या कामातला नेहमीचा अनुभव आहे. ज्याला काल पोरे दगड मारत होती तो कुणाचा तरी दहा वर्षांपूर्वी हरवलेला भाऊ निघतो.

स्त्रियांविषयी थोडे वेगळे लिहिणे भाग आहे. रस्त्यावरची मनोरुग्ण बाई गरोदर दिसते तेव्हा लोक हळहळतात, क्वचित हसतात. तो बलात्कार असतो, हे म्हणायला कुणी धजत नाही. अशा पीडितेला प्रत्येक रुग्णालयाने, खाजगीसुद्धा, मोफत उपचार देणे आणि पोलिसांना लगेच कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्हीची लागण टळावी म्हणून देण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. दोन दिवस 'कोण जबाबदारी घेणार' या चर्चेत गेले तर ती संधी हातची जाते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

कायद्याचे आणखी थोडे. राईनपाड्याच्या घटनेनंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. योगायोग असा की ती तारीखही १ जुलैच. अमेरिकेत मेरीलँड आणि फ्लोरिडा या राज्यांनी द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांच्या कायद्यात बेघरांचा वेगळा उल्लेख केला आहे. आपल्याकडे तसा शब्द नाही. उलट १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा भीक मागणाऱ्यालाच पकडण्याची मुभा देतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमे रद्द केली. मार खाल्लेल्या बेघराला पोलिसांकडे जायची भीती का वाटते, याचे एक उत्तर येथे आहे. त्याला मोफत कायदेशीर मदत विधी सेवा समितीकडून मिळते, दूरध्वनी १५१००.

छप्पर हेही औषध

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तीन जीव गेले, त्यांत दोन तान्ही मुले होती. ही माणसे आपल्या अमरावती जिल्ह्यातून कामासाठी गेलेली होती. तेथे द्वेष नव्हता, दारू प्यालेला चालक होता. पण छप्पर असते तर ती मुले डंपरखाली आली नसती. दगड, लाथ, डंपर आणि ऊन या चौघांवर मिळून एकच उपाय सापडतो, आणि तो म्हणजे रात्री आत झोपायला मिळणे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत लाख लोकसंख्येमागे निदान एक निवारा, तोही बाराही महिने आणि चोवीस तास चालणारा, असे माप घालून दिले. लाखाच्या या हिशेबात लहान गावे बसत नाहीत. मूर्तिजापूरने मात्र हे माप येण्याच्या कितीतरी आधी धर्मशाळा पाहिली आहे. गाडगेबाबांनी १९२५ च्या सुमारास येथे गोरक्षणाबरोबर धर्मशाळा आणि विद्यालय उभे केले. १९१७ मध्ये पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली ती अशा यात्रेकरूंसाठी, ज्यांना जातीमुळे कुणी ओसरीवरही टेकू देत नव्हते. मुंबईत दूरदूरहून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपतात हे ओळखून त्यांच्यासाठीही धर्मशाळा झाल्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे आप्त आजही उतरतात. बाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार ही दोन्ही कामे शेजारी-शेजारी यावीत, यात वैद्यकीय शहाणपण आहे. स्वतःसाठी मात्र त्यांनी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, रस्त्यातच, त्यांचा अंत झाला.

इमारत उभी राहीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. स्टेशन आणि बसस्थानकाच्या परिसरात, जेथे माणसे झोपतात, तेथले बंद दिवे नगरपरिषदेने आधी लावावेत. अंधारात एकेकट्याने विखरून झोपण्यापेक्षा दिव्याखाली, पहारेकऱ्याच्या नजरेत, चारजणांच्या सोबतीने झोपणे सुरक्षित, म्हणून अशा जागेवरून त्यांना हुसकू नये. हुसकले की ते अंधाराकडेच जातात. गस्तीच्या शिपायाने कोण कुठे झोपतो हे माहीत करून घ्यावे, दम देण्यासाठी नव्हे तर एक दिवस जागा रिकामी दिसली तर विचारता यावे म्हणून. हमाल, रिक्षावाले, चहावाले यांना ही माणसे नावाने ठाऊक असतात.

नाव ठाऊक असणे फार उपयोगाचे. जवळ जाताना समोरून जावे, मागून हात लावू नये. झोपलेल्याला थोड्या अंतरावरून हाक मारून उठवावे, कारण दचकून उठणारा माणूस स्वतःला वाचवण्यासाठी हात उगारतो आणि तेवढ्यावरून भांडण पेटते. खाली बसून बोलावे. फोटो काढू नये. खायला दिले तर ताजे द्यावे. नाव, गाव, भाषा, अंगावर गोंदलेले काही असल्यास तेही, एका कागदावर लिहून पोलिस ठाण्यात द्यावे आणि त्याची ठाणे दैनंदिनीत नोंद करून घ्यावी. गोंदलेल्या नावावरून गाव सापडते. आणि पुढे कधी त्या माणसाला कुणी मारले, तर तो कोण होता हे सांगणारा निदान एक कागद ठाण्यात असेल.